न समजलेल्याची वही

डाकबाबूंची सायकल अजून माझ्या छपरीत उभी आहे. अकरा वर्षं ते माझ्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिले आणि अकरा वर्षांत मी त्यांना त्या सायकलवर बसलेलं पाहिलं नाही. हँडल धरून तिच्याबरोबर पायी चालायचे. बाजारात, वैनगंगेवर, कलेक्टर कचेरीत, सगळीकडे असेच. एकदा मी विचारलं, चालवता येत नाही काय? म्हणाले, येते. मग बसत काहून नाही? म्हणाले, "बसलो तं घाई होते, बाई."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि आताही कळत नाही. त्यांच्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे. मागच्या गल्लीतली करुणा म्हणाली, आजी, डाकबाबूंबद्दल लिहून ठेव. मी म्हटलं, मला तो माणूस समजला कुठे लिहायला? ती म्हणाली, जे नाही समजलं तेच लिही. मी चार वर्ग शिकले, तेही तिरोड्याकडच्या मराठी शाळेत. बालाघाटात लग्न होऊन आले तेव्हापासून कानावर हिंदी आहे, पण हात मराठीच लिहितो. म्हणून हे मराठीत.

ते पोस्टात होते. टपाल वाटायचे नाहीत, निवडायचे. किरनापूरची चिठ्ठी किरनापूरच्या थैलीत, लांजीची लांजीच्या. रिटायर झाले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. एक लोखंडी पेटी, एक खुर्ची आणि ती सायकल घेऊन माझ्याकडे आले. पेटीवर पांढऱ्या रंगाने स्वतःचं नाव, माझं नाव, गल्ली, वॉर्ड, बालाघाट, पिनकोड. खुर्चीच्या पाठीवर तेच. सायकलच्या मडगार्डवर तेच. चपलेच्या आतसुद्धा बारीक अक्षरात. मी म्हटलं, बाबू, चप्पल हरवली तर ती काय टपालाने परत येणार आहे? ते म्हणाले, पत्ता पुरा असला की वस्तू येते. अधुरा असला की तीच वस्तू कोणाचीच राहत नाही.

त्यांच्याकडे पोरं यायची. शिकायला नाही, कारण त्यांना शिकवता येत नव्हतं. इंग्रजी त्यांना पाकिटावरच्या पत्त्याइतकंच यायचं. पोरगा किंवा पोरगी आली की ते एक लांबडी वही काढायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. आज काय नाही समजलं? "सगळं समजलं," असं कोणी म्हटलं की वही बंद. जा बेटा, खेळ. जो काही सांगेल त्याचं ते लिहून घ्यायचे, खाली नाव, गाव, पिनकोडसकट. उत्तर कधी द्यायचे नाहीत. एका पोराने लिहवलं होतं, नदीचं पाणी पुढे महाराष्ट्रात जाते, तं ते आपलं कुठपर्यंत राहते? एकीने लिहवलं, आमच्या गावात बिजली गेली की सगळे एकदम बोलू काहून लागतात? असल्या गोष्टींनी वह्या भरल्या होत्या. मी म्हणायची, हा रिकामा धंदा आहे.

मलाही विचारायचे. रोज, चहाच्या वेळी. आज काय नाही समजलं, बाई? मी म्हणायची, तुम्ही खोली कधी सोडाल ते. त्यांनी तेही लिहिलं. मी पाहिलं आहे, खाली माझं नाव आणि माझा पत्ता.

त्या वहीतून ते पोरं निवडायचे, हे मला फार उशिरा कळलं. ज्याचा प्रश्न त्यांना पटला, त्याच्यासाठी ते सायकल घेऊन निघायचे. शाळेच्या मास्तरांना भेट, ऑनलाइनच्या दुकानात बस, कुठे कोणत्या मोठ्या कॉलेजात गरिबांची मुलं घेतात, फी कोण माफ करतं, कोणता कागद लागतो, हे सगळं शोधून आणायचे. फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायचे. म्हणायचे, मेख नेहमी शेवटी असते. चार-पाच पोरं त्यांनी मार्गी लावली. भोपाळला एक, नागपूरला दोन, असं काही. कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. चहा माझा प्यायचे.

हे सगळं का करता, असं मी त्यांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, पोस्टात असताना एका मोठ्या कॉलेजचं पाकीट आलं होतं, बिरसा तालुक्यातल्या कोण्या पोराचं. पत्त्यात गावाचं नाव नव्हतं. महिनाभर खणात पडून होतं, मग परत पाठवलं. शिक्का त्यांनी स्वतः मारला. दुसऱ्यांदा म्हणाले, ते पाकीट त्यांच्या लहान भावाचं होतं. तिसऱ्यांदा म्हणाले, असं कोणतंच पाकीट नव्हतं बाई, रिकामं बसवत नाही म्हणून करतो. यातलं खरं कोणतं, ते मी चौथ्यांदा विचारलं नाही.

आता करुणाचं सांगते.

करुणाचं घर माझ्या मागच्या गल्लीत. एक खोली, मागे चुलीपुरती पडवी, वर टिना. बाप ईश्वर राइस मिलमध्ये हमाल. एकदा बोऱ्यांची थप्पी खांद्यावर आली, तेव्हापासून डावा हात डोक्याच्या वर जात नाही. तरी हमालीच करतो, कारण दुसरं येत नाही. आई शालू त्याच मिलमध्ये झाडपाखड करते. घरात भिंतीवर बाबासाहेब, बाजूला बुद्ध, खाली एक टीव्ही, एक लाकडी पलंग, एक कूलर. बस.

पोरगी शाळेत पहिली यायची. नववीत असताना डाकबाबूंच्या समोर उभी राहिली आणि तिने लिहवलं, "शाळेत मी पहिली येते, पण दुसऱ्या शाळा मी पाहिल्याच नाहीत. मग मी हुशार आहे, हे नक्की कोणाले माहीत?" डाकबाबूंनी ते लिहिलं, वही मिटली आणि चहा न पिता सायकल काढली. त्या दिवसापासून तीन वर्षं ते त्या पोरीच्या मागे होते.

शेवटी दिल्लीजवळचं एक विद्यापीठ त्यांनी शोधलं. तिथे कारखानदारांची, मोठ्या साहेबांची मुलं शिकतात. एका वर्षाची फी ऐकून ईश्वरने पुन्हा विचारलं, एका वर्षाची? पण गरीब घरची पोरं हुशार असली तर ते सगळं माफ करतात, राहणं-खाणंसुद्धा. करुणाने परीक्षा दिली. पास झाली. फोनवर मुलाखत झाली, तीही पास. आता एकच राहिलं होतं. त्यांचा माणूस घर पाहायला येणार होता.

हे शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं आणि डाकबाबूंनी ते सर्वांत आधी वाचलं होतं. पण नेमकं त्या आठवड्यात त्यांना बिरसाला जावं लागलं, दुसऱ्या एका पोराच्या जातीच्या दाखल्यात काहीतरी अडलं होतं. जाताना शालूला एवढंच म्हणाले, माणूस येईल, फोटो काढेल, विचारेल ते सांगा.

शालू माझ्याकडे आली. "मावशी, मोठ्या शाळेचा माणूस येऊन राह्यला. त्याले बसवू कुठी?"

तिच्या डोक्यात तेवढंच होतं. माझ्याही. मी लहान होते तेव्हा आमच्याकडे पाहुणा आला की माय मला मागच्या दाराने शेजारी पाठवायची, पाण्याचा पितळेचा गडवा आणायला. पाहुणा गेला की गडवा परत. शेजारणीकडे पाहुणा आला की आमची सतरंजी तिकडे जायची. पाहुणाही त्याच्या घरी हेच करत असणार. यात कोणाला काही लपवल्यासारखं वाटत नव्हतं. घरी आलेल्या माणसाला चांगलं दाखवायचं, एवढंच.

माझा मुलगा नागपूरला असतो. त्याने मला सोफा आणि फ्रिज घेऊन दिला आहे. सोफा चार जणांनी उचलून नेला. फ्रिज ठेल्यावर घालून नेला. फ्रिजची वायर बटनापर्यंत पोचेना, म्हणून तो तसाच बंद उभा केला. रिकामा दिसू नये म्हणून मी त्यात माझे टमाटे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पडदा माझा, कपबश्या माझ्या. ईश्वरला माझ्या मुलाचा शर्ट घातला. चिन्नोर तांदळाचा भात शिजला, सगळी गल्ली वासाने भरली. माझ्या हाताने मी ते घर सजवलं आणि मला ते आवडलं, हे मी कबूल करते.

तो माणूस जबलपूरहून बसने आला. तीसेक वर्षांचा, उन्हाने थकलेला. पोटभर जेवला. थंड पाणी मागितलं, शालूने फ्रिजमधून बाटली काढून दिली, त्याने ते कोमट पाणी प्यायलं आणि काही बोलला नाही. मग मोबाइल काढून फोटो घेतले. सोफ्यावर तिघांना बसवून एक घेतला. निघताना म्हणाला, "घर बहुत अच्छा रखा है आपने." शालू दोन दिवस हे वाक्य सगळ्यांना सांगत होती.

डाकबाबू परत आले तेव्हा सोफा अजून माझ्याकडे आला नव्हता. त्यांनी विचारलं, सोफा कुठे? मी अभिमानाने सांगितलं. सगळं सांगितलं, टमाट्यासकट.  जमिनीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग होते, त्यांच्या मधोमध ते जाऊन बसले. मी चहा दिला, तो तसाच राहिला. मग म्हणाले, "बाई, त्यायले गरिबी पाहाची होती."

मी म्हटलं, गरिबी काय पाहायची वस्तू आहे? ते म्हणाले, त्यांच्याकडे आहे. जितकी दिसेल तितके तिचे नंबर असतात.

महिन्याने उत्तर आलं. पोरीला जागा होती, पण फी चौथाईच माफ. म्हणजे नाहीच. करुणा रडली नाही. बालाघाटच्या सरकारी कॉलेजात नाव घातलं आणि संध्याकाळी डाकबाबूंकडे येऊन लिहवलं, "सोफा असला तं मदत कमी, हे समजलं. पण सोफा कोणाचा हाय, हे त्यायनं काहून नाही विचारलं?"

डाकबाबूंनी विद्यापीठाला तीन रजिस्टर पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर नाही. मग करुणाने मोबाइलवरून लिहिलं, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. झालेला निर्णय बदलत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. डाकबाबूंना उत्तर न आल्याचं दुःख जास्त झालं की निर्णयाचं, ते कळलं नाही. पुन्हा पुन्हा विचारत होते, पत्ता पुरा होता ना?

शालू माझ्याशी बोलायची, पण डोळे खाली घालून. माझी चूक होती का? तेव्हा मला वाटायचं होती. कधी वाटायचं नव्हती. ज्या घरात फाटकी चादर पाहुण्याला दिसली म्हणून बाईला टोमणे खावे लागतात, त्या बाईला कसं कळावं की या पाहुण्याला फाटकी चादरच पाहिजे?

दुसऱ्या वर्षी करुणाने पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा पास. पुन्हा माणूस येणार म्हणून कळलं. या वेळी डाकबाबू गावातच थांबले. शालूला बजावलं, काही आणायचं नाही. शालूने मान हलवली.

तिने काही आणलं नाही. नेलं. आदल्या दिवशी ईश्वर आणि त्याचे दोन साथीदार टीव्ही, कूलर आणि पलंग माझ्याकडे घेऊन आले. मागोमाग शालू स्टीलचे डबे घेऊन. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध तेवढे ठेवले. मी म्हटलं, अगं, हे तर तुझं आहे. ती म्हणाली, "मागच्या वर्षी जास्त दिसलं, मावशी. औंदा कमी दिसू दे." मला ते बरोबर वाटलं. खरंच वाटलं. मागच्या वर्षी जोडलं ते चुकलं, तर या वर्षी काढलं की बरोबर होईल, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाकबाबू प्यायचं पाणी घ्यायला आत आले आणि त्यांना टीव्ही दिसला. टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टीव्ही उचलून छपरीत नेला, सायकलच्या कॅरिअरवर ठेवला आणि दोरीने बांधू लागले. मी म्हटलं, काय करता? माणूस येतच असेल. ते म्हणाले, "म्हणूनच."

मी त्यांच्या मागे गेले. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, एका हाताने हँडल धरलेलं, दुसऱ्या हाताने टीव्ही, आणि गल्लीतली पोरं मागे. शालू दारात आली आणि तिला समजलं. ती सायकलसमोर आडवी उभी राहिली.

"बाबू, परत न्या ते."

"जसं हाय तसं दिसू दे, बेटा."

"जसं हाय तसं पाहून कोणी आजपर्यंत काय देल्लं आम्हाले? तुमची पोरगी असती तं नेलं असतं?"

डाकबाबूंनी कॅरिअरची दोरी आवळली.  तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला आणि एक तरुण मुलगी उतरली, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. या वर्षी माणूस नव्हता, ही होती. तिने सायकल पाहिली, टीव्ही पाहिला, आडवी उभी शालू पाहिली. विचारलं, "यह क्या हो रहा है?"

मला वाटलं, आता डाकबाबू काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते म्हणाले, "यह टीवी इनका है, घर जा रहा है. कूलर और पलंग भी इनका है, वो बाई के यहाँ रखा है," आणि माझ्याकडे बोट केलं. "पिछले साल सोफा और फ्रिज इनके घर में था. वो इनका नहीं था. वो भी बाई का था."

मुलगी माझ्याकडे वळली. आपने ऐसा क्यों किया, असं विचारलं. मला हिंदी बोलता येतं, पण त्या क्षणी चारच शब्द आले. मी म्हटलं, "मेहमान आने वाला था." तिने फाइल उघडली, काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कोणाला दिसलं नाही. मग सगळ्यांनी मिळून पलंग नेला, कूलर नेला. तिने पलंगाचा फोटो काढला. पाणी विचारलं तर नको म्हणाली. ईश्वरला फक्त हात वर करायला सांगितला. डावा हात खांद्यापर्यंतच गेला. त्याचा फोटो काढला नाही.

ती गेल्यावर शालूने डाकबाबूंना गल्लीत उभं राहून ऐकवलं. तुम्ही खऱ्याचे लाड पुरवता आणि जाते माझ्या पोरीचं, असं म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. तीन महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायची. डाकबाबू रोज संध्याकाळी छपरीत वही घेऊन बसायचे, पण पोरांना काही विचारायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, तुम्हाला वाटत होतं का तुमचं बरोबर होतं म्हणून? ते म्हणाले, "नाई बाई. तेच तं नाही समजलं." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल असं पहिल्यांदाच सांगितलं. मी म्हटलं, मग लिहा. त्यांनी लिहिलं.

मग उत्तर आलं. सगळी फी माफ, राहणं-खाणं माफ. करुणा मोबाइल हातात धरून आधी माझ्याकडे पळत आली, मग डाकबाबूंच्या दारात जाऊन उभी राहिली. शालू त्या रात्रीचं जेवण घेऊन आली, ताट त्यांच्या पेटीवर ठेवलं, पत्त्याच्या अक्षरांवर, आणि निघून गेली. ते जेवले.

आता हे कशाने झालं, मला सांगा. त्या मुलीला आमचं खरं बोलणं आवडलं? की ईश्वरचा हात? की या वर्षी नंबरच वेगळे होते? पहिल्या वर्षी खोटं दाखवलं तर ते मानलं, दुसऱ्या वर्षी खरं सांगितलं तर तेही मानलं. जे दाखवलं ते मानायचं असेल तर इतक्या लांबून बघायला येतात कशाला? हे मी डाकबाबूंना विचारलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, खाली माझं नाव, पत्ता, पिनकोड. या वेळी मला राग आला नाही.

करुणा गेल्यानंतर वर्षभरात डाकबाबूंनी खोली सोडली. बिरसाला गेले. तिकडे फॉर्म वाचणारं कोणी नाही म्हणाले. पेटी नेली, खुर्ची नेली, वह्या नेल्या. सायकल ठेवून गेले. मी म्हटलं, ही पण न्या. ते म्हणाले, तिच्यावर पत्ता इथला आहे. पेटीवर आणि खुर्चीवरही इथलाच होता. 

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. करुणा जाऊन दोन महिने झाले असतील. माझ्या मोबाइलवर तिचा फोन आला. डाकबाबू समोर चहा पीत होते, म्हणून मी आवाज मोठा केला. ती हळू बोलत होती. म्हणाली, आजी, माझ्या खोलीतल्या मुलीचे आईबाबा आले आहेत, विचारून राह्यले, तुम्हारे पापा क्या करते हैं. मी पाण्याला जाते म्हणून बाहेर आले. इथे सगळ्यांच्या घरी सोफे आहेत. मग थांबली आणि म्हणाली, "बाबूंना विचार ना, इथे काय दाखवायचं?"

डाकबाबूंनी कप ठेवला, वही ओढली आणि प्रश्न लिहून घेतला. उत्तर त्यांनी कधीच कोणाला दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही. पोरगी तिकडे वाट पाहत उभी. मी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, "सांग त्यायले, बाप हमाल हाय. आणि सोफा आजीचा हाय."

 तिकडे ती हसली की रडली, मला फोनवर समजलं नाही. डाकबाबूंनी तेही लिहून घेतलं.